आर. के. पुरमची चिलटं

रेवतीनं मेल उघडला तेव्हा दिल्ली मेट्रोच्या ब्लू लाइनवर बायकांच्या डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एका हातानं वरची कडी धरलेली, दुसऱ्या हातात फोन, पाठीवरची बॅग पोटाशी घेतलेली, अशी ती द्वारकेहून कॉलेजला जाताना रोजच उभी असते आणि रोजचे मेल उभ्याउभ्याच उरकते. कॉलेजची परिपत्रकं, 'मॅम, थोडा टाइम और मिलेगा?' म्हणणारी मुलं, कुठल्याशा परिसंवादाची आमंत्रणं, सगळं अंगठ्यानं वर ढकलत ती पोर्तुगालातल्या इनेशच्या मेलवर आली. सुरुवात गोड होती. दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा, सलोनी कशी आहे, आणि मग: एक छोटीशी अडचण आहे. आपली अडचण छोटीशी आहे असं आधीच सांगणाऱ्या माणसाची अडचण छोटी नसते, हे रेवतीला सासरच्या अनुभवानं ठाऊक होतं. अडचण अशी होती, की सलोनी जन्मली त्या उन्हाळ्यात रेवतीनं आर. के. पुरममधली म्हणून जी चिलटं दिली होती, ती दिल्लीची नव्हतीच. देवगडजवळच्या एका कॉलेजानं गेल्याच महिन्यात आपल्याकडच्या चिलटांचा जीनोम सगळ्यांसाठी खुला केला होता, आणि रेवतीची ती चिलटं त्यांची सख्खी भावंडं निघाली होती. ट्यूबांची अदलाबदल झाली म्हणावं, तर त्या वर्षी कोकणातून कुणी काही दिलेलंच नव्हतं. मग अदलाबदल झाली कशाशी? इनेशनं पुढे लिहिलं होतं, की एका ट्यूबचं हे असं, तर बाकीच्यांवर भरवसा कसा ठेवायचा, असं काही जण विचारतायत. उलगडा झाला नाही तर दिल्लीची सगळी वर्षं बाजूला काढावी लागतील. मला फार वाईट वाटतंय, असं शेवटी होतं. गाडी नवादा सोडून उत्तम नगरकडे निघाली होती आणि शेजारची मुलगी मेट्रोत खायला मनाई असतानाही बिनदिक्कत सफरचंद खात होती.

चिलटं म्हणजे तीच, केळ्यांच्या फणीवर हात फिरवला की उठतात आणि हात काढला की पुन्हा बसतात ती. शास्त्रात त्यांना भारदस्त लॅटिन नाव आहे आणि वर्गात रेवती ते घेतेही, पण मनात ती चिलटंच म्हणते. ज्यांच्या मागे आयुष्याची इतकी वर्षं घालवली त्यांना परक्या नावानं काय हाक मारायची. काम तसं सोपं होतं. ठरलेल्या जागी, ठरलेल्या ऋतूत, पिकल्या केळ्याची एक बाटली टांगायची. आत आलेली चिलटं अल्कोहोलमध्ये ठेवायची, सगळी एकत्र कुटून त्यांचा डीएनए काढून वाचायचा, आणि ते वाचन इनेश सांभाळते त्या सगळ्यांच्या सामायिक साठ्यात टाकायचं. फिनलंडात कुणी हेच करतं, केनियात कुणी, चिलीत कुणी. मग ज्याला वाटेल त्यानं साठा उघडून बघावं: थंडीनं चिलटांत काय बदललं, उन्हानं काय बदललं, कुठली खूण कुठून निघून कुठं पोचली. पैसे पडत नाहीत आणि तुम्ही कुठल्या मोठ्या संस्थेतले, हे कुणी विचारत नाही. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा रेवतीला मराठी मंडळाची लोदी गार्डनमधली अंगतपंगत आठवली होती. लहानपणी दर थंडीत दिल्लीतली मराठी कुटुंबं उन्हात सतरंज्या टाकून बसायची, जो तो आपला डबा उघडून मधे ठेवायचा आणि सगळ्यांच्या डब्यांत हात घालायचा. कुणी पुरणपोळ्या आणायचं, कुणी नुसता ठेचा. ठेचेवाल्याला पुरणपोळी कमी मिळत नसे. रेवतीचं कॉलेज साधं शिकवायचं कॉलेज, तिथल्या प्रयोगशाळेतले अर्धे सूक्ष्मदर्शक डोळे मिटून बसलेले, वाचनाचं यंत्र एका मैत्रिणीच्या संस्थेतलं; म्हणजे तिचा डबा ठेच्याचाच. पण त्या एका डब्याच्या जोरावर ती रविवारी सकाळी चहा घेऊन बसायची आणि फिनलंडची हिवाळ्यातली चिलटं उघडून बघायची, आणि तिला असं वाटायचं की आपण कुणाच्या तरी घरी आगंतुक न जाता, रीतसर बोलावणं येऊन गेलोय. नवरा म्हणायचा, लोक रविवारी सिनेमे बघतात. तिला त्याची कीव यायची.

कीर्ती नगरला ती उतरली. उतरायचं नव्हतं, पण मागून कुणी "मॅडम, उतरना है क्या?" म्हणालं आणि तिच्या तोंडून "हां" गेलं. फलाटावरच्या बाकावर बसून तिनं मेल पुन्हा वाचला. एकच विचार वर येत राहिला: तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. बाळंतपणाला ती आईकडे आर. के. पुरमला गेली होती. बाबांच्या नोकरीचा तो शेवटचा उन्हाळा, सरकारी क्वार्टर सोडायच्या बेतात, आणि तशात सलोनी. मे महिन्यातली दिल्ली खिडकीबाहेर भाजत होती. आतल्या खोलीत कूलर धडधडत होता आणि त्याच्या ओल्या वाळ्याच्या वासात डिंकाच्या लाडवांचा, शेकशेगडीचा, दुधाचा आणि घरभर भरून राहिलेला आंब्यांचा वास असा काही मिसळला होता, की आपण जागे आहोत की झोपलोय हेच तिला कळायचं नाही. सलोनी रडली की ती उठायची आणि सलोनी झोपली की ती रडायची. अशा दिवसांत तिनं पलंगावर मांडी घालून, मांडीवर उशी, उशीवर ट्रे, अशी ती चिलटं ट्यूबेत भरली होती. आर. के. पुरम, मे, असं ट्यूबवर लिहिलं होतं. लिहिल्याचं स्पष्ट आठवत होतं. पण मग स्पष्ट आठवत तर हेही होतं, की त्याच आठवड्यात तिनं आईला दोनदा विचारलं होतं, "बाळाला दूध दिलं का मी?"

आपल्याला सगळे काटेकोर म्हणतात. काटेकोर म्हणजे काय, तर चूक होईल ह्या भीतीनं जन्मभर पछाडलेलं माणूस. शाळेत असताना ती पेपर देऊन आल्यावर घरी पुन्हा सोडवायची. दिल्लीच्या नोंदींची ती ओळ, सात वर्षांची, थंडीची आणि उन्हाळ्याची, साठ्यातल्या शेकडो ओळींमध्ये ही एकच ओळ तिची होती. आणि तिला वाटायचं, आयुष्यात निदान हे एक आपण नीट केलंय. घर नीट आवरता येत नाही, सलोनीच्या शाळेच्या सूचना निम्म्या वाचायच्या राहतात, सासूबाईंशी फोनवर बोलताना दर वेळी काहीतरी चुकीचं बोललं जातं, पण दिल्लीची ओळ नीट आहे. आता ती पुसली जाणार. पुसली गेली तर कुणी तिला रागावणार नव्हतं, हे तर आणखीच वाईट. इनेश समजुतीनं लिहील, कॉलेजात कुणाला पत्ताही लागणार नाही, आणि पुढच्या थंडीत रेवती पुन्हा बाटली टांगायला गेली तर ते आपलं आपल्यापुरतं, सतरंजीच्या बाहेर बसून जेवल्यासारखं. समोरून द्वारकेकडे जाणारी गाडी आली. रेवती पूल चढून पलीकडे गेली आणि त्यानंतरच्या गाडीत बसली. कॉलेजला बरं नसल्याचा मेसेज टाकला, आणि तो खोटा नव्हता.

निवृत्तीनंतर आई-बाबा द्वारकेतच राहायला आले होते, तिच्या सोसायटीपासून ई-रिक्षानं जाण्याइतकं दूर. दार बाबांनी उघडलं. गुणवंतराव म्हणजे मंत्रालयातून निवृत्त झालेला पण मंडळातून न झालेला माणूस. हातात गणेशोत्सवाचा अजून न मिटलेला हिशेब होता.

"अच्छा, आज कॉलेज नाही वाटतं?"

"आहे. आई कुठाय?"

"आत, मेथी निवडतेय. काय गं, चेहरा असा का?"

स्वयंपाकघरात कुमुद खाली वर्तमानपत्र पसरून बसली होती. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी खाली बसू नका सांगितलंय, पण मेथी खाली बसूनच निवडायची असते असं तिचं मत आहे. तिनं आधी लेकीच्या कपाळाला हिरवा ओला हात लावून पाहिला, ताप नाही म्हटल्यावर एक जुडी तिच्यापुढे सारली. रेवतीही खाली बसली, पानं खुडू लागली आणि खुडताखुडता म्हणाली, "आई, सलोनीच्या वेळी मी तुला एक बाटली दिली होती. मागच्या अंगणात टांगायला."

"चिलटांची ना? न आठवायला काय झालं. आख्ख्या कॉलनीत मी एकटीच, चिलटांना केळं घालणारी."

"ती टांगली होतीस ना तू?"

"म्हणजे काय. पेरूच्या फांदीला, सावलीत. मुंग्या लागू नयेत म्हणून सुतळीला तेलबिल लावून. बिल्कुल तू सांगितलंस तशी."

रेवतीनं पुढचं पान खुडलं. "मग?"

"मग कुणी येईना. ऊन किती होतं आठवतंय ना? माणसं बाहेर पडत नव्हती, तर चिलटं कुठली यायला. दोन दिवस मी सारखी जाऊन बघत होते. तू आतून विचारायचीस, आली का गं, आली का? आणि मी म्हणायची, येतायत, येतायत."

"पण मला दिलीस तेव्हा तर बाटली भरलेली होती."

"होती ना. मी पेट्यांमधली घातली."

रेवतीच्या हातातलं पान हातातच राहिलं. कुमुदनं मात्र खुडणं थांबवलं नाही. त्या उन्हाळ्यात नेहमीप्रमाणे मंडळाच्या आंब्याच्या पेट्या त्यांच्याच व्हरांड्यात उतरल्या होत्या. देवगडहून यायच्या, आणि मग दिल्लीभरची मराठी कुटुंबं येऊन आपापली पेटी घेऊन जायची. बाबा मंडळाचे आंबाप्रमुख. बाहेरून बाबांचा आवाज आला, की त्या वर्षी ट्रक रतलामला अडकला, म्हणून माल इतका पिकून नासला, नाहीतर त्यांच्या कारकिर्दीत असं कधी झालं नाही. कुमुद म्हणाली, "पेंढ्यात नुसती चिलटंच चिलटं. तिकडूनच आलेली असणार, इथं कुठली. मग मी एक नासका आंबा घेतला, बाटलीत सोडला आणि बाटली पेटीत आडवी ठेवली. वर पातळ फडकं. भराभरा आत गेली. मग आंबा काढला, बोळा घातला आणि तुला आणून दिली. किती खूश झाली होतीस!"

"आई, पण का?"

आता कुमुदनं वर पाहिलं. प्रश्नच तिला कळला नव्हता.

"का म्हणजे? बाळंतिणीच्या हातात रिकामी बाटली परत द्यायची? कुणाचा डबा मी रिकामा परत केलाय कधी? शेजारच्या विजयालक्ष्मीचा डबा आला की परत जाताना त्यात काही ना काही असायचंच. अगदीच काही नसलं घरात तर चिमूटभर साखर. आणि तू तर माझी लेक."

रेवतीला हसू आलं. आधी नाकातून, मग घशातून, मग ते आवरेनाच. मेथीच्या ढिगाऱ्यावर ओणवी होऊन ती हसत राहिली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पाठ दुखायला लागली, तरी मधेच तिला इनेशचं वाक्य आठवायचं, मग अदलाबदल झाली कशाशी, आणि पुन्हा उबळ यायची. बाबा दारात येऊन उभे राहिले. त्यांना आधी वाटलं ही रडतेय. मग हसतेय म्हटल्यावर ते जास्तच घाबरले. सात वर्षांपूर्वीची रेवती, ती पलंगावरची, मांडीवर उशी घेतलेली, दूध दिलं का मी विचारणारी पोर काहीही चुकली नव्हती! ट्यूबवर जे लिहिलं ते बरोबरच लिहिलं होतं. बाटली आर. के. पुरमचीच होती. तिला त्या पोरीला जाऊन मिठी मारावीशी वाटली.

"हसतेस काय अशी? माझं काही चुकलं का?" कुमुदच्या आवाजात खरी काळजी होती.

"नाही गं. फक्त रिकामी बाटलीसुद्धा चालली असती, आई. एकही चिलट नाही, हेसुद्धा उत्तरच असतं. आम्ही शून्य लिहितो."

"तुमच्यात असेल," कुमुद म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसल्यावर मात्र हसू ओसरलं. इनेशला काय लिहायचं? सोपा मार्ग होता. ट्यूब दूषित झाली, क्षमस्व, ती तेवढी वगळा, असं दोन ओळींत लिहिलं असतं तर शास्त्रीय दिसलं असतं आणि कुणी पुढे विचारलंही नसतं. पण दूषित कशानं, हे न सांगता बाकीच्या वर्षांवर भरवसा ठेवा असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? आणि सांगायचं तर साठ्याच्या नोंदीत जागा, तारीख, झाड, सापळा, पकडणाऱ्याचं नाव एवढेच रकाने. रिकामा डबा परत करायचा नसतो, ह्याला रकाना नाही. तिनं इंग्रजीत एक वाक्य लिहिलं आणि खोडलं. आईला ह्यात ओढायचं, फिनलंडच्या आणि चिलीच्या लोकांपुढे आपली आई म्हणजे एक मजेशीर किस्सा होऊन बसणार, ह्या कल्पनेनं तिला लाज वाटली आणि लाज वाटल्याची लाज वाटली. स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज आला. तिच्या डोळ्यांसमोर त्या दुपारचा व्हरांडा उभा राहिला, तिनं न पाहिलेला, कारण बाळंतिणीला उन्हात जायची बंदी होती. पेट्या, पेंढा, भट्टीसारखं ऊन, आणि त्यात पदर खोचून उकिडवी बसलेली आई. कुमुदनं उभा जन्म चिलटं हाकण्यात घातला होता. कापलेल्या फळावर जाळीचं झाकण, कचऱ्याच्या डब्यावर झाकण, केळी फडक्यात गुंडाळलेली. कुणाच्या घरी चिलटं दिसली की परत येताना ती हळू आवाजात म्हणायची, घर मोठं आहे हो, पण. आणि ती बाई एका दुपारी चिलटांना आंबा दाखवत, आत जा गं बायांनो, आत जा, म्हणत बसली होती. कशासाठी, तर आतल्या खोलीतून कुणीतरी आली का, आली का विचारत होतं. रेवतीला भरून आलं. एवढं माझ्यासाठी कुणी केलेलं नाही, असं तिला अगदी सरळ, उघड वाटलं. मग तिनं सगळं लिहिलं. मंडळ, पेट्या, रतलामला अडकलेला ट्रक, नासका आंबा, पातळ फडकं, विजयालक्ष्मीचा डबा आणि चिमूटभर साखर. नंतर दर वर्षी बाटली विजयालक्ष्मीच्या अंगणात, त्याच पेरूच्या पलीकडच्या फांदीला, मी स्वतः टांगली आणि स्वतः काढली, हेही लिहिलं. पाठवलं आणि फोन पालथा ठेवला.

जेवणं होईपर्यंत उत्तर आलं नाही. बाबांनी देवगडच्या बागायतदाराला फोन करून सांगून टाकलं, की तुमची चिलटं पोर्तुगालात ओळखली गेली. पलीकडून काय उत्तर आलं कळलं नाही, पण बाबा बराच वेळ "अहो, तक्रार नाही हो, कौतुक" म्हणत होते. रेवती भातावर वरण घेऊन ते नुसतंच कालवत बसली. आईच्या घरी असं बसलं की ती आपोआप आठवीतली होते, निकालाच्या दिवशीची. खिडकीतून ऑक्टोबरचं ऊन येत होतं, दिल्लीचं वर्षातलं सगळ्यात शहाणं ऊन. ओळ गेली तरी काय होईल, असं तिनं स्वतःला विचारून पाहिलं, आणि उत्तर आलं: वाईट वाटेल, फार वाईट वाटेल. त्याच्यापलीकडे उत्तर नव्हतं. मग फोन गुरगुरला.

इनेशनं लिहिलं होतं, की तिनं हा मेल बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवला आणि हसून हसून बैठकच मोडली. ज्यांना भरवसा ठेवायचा की नाही असं वाटत होतं तेच आधी म्हणाले, की जी बाई एवढं सांगते तिच्या बाकीच्या ट्यूबांना हात लावायचं कारण नाही. दिल्लीची ओळ राहणार. ती ट्यूब आता देवगडच्या ओळीत जाईल, त्या किनाऱ्याची सगळ्यात जुनी म्हणून, आणि तिथले लोक आनंदानं वेडे झालेत, कारण त्यांना सात वर्षं मागचं कोकण फुकटात मिळालं. फक्त एक राहिलं. दिल्लीच्या त्या मे महिन्यात आता काय लिहायचं? शून्य की माहीत नाही? कृपया आईंना विचारशील का, आंबा घालण्याआधी बाटलीत खरंच काहीच नव्हतं का?

रेवतीनं मेल दोनदा वाचला, मग उठून आईच्या गळ्यात पडली. कुमुदच्या हातात आमटीची कढई होती. "अगं, सांडेल, सांडेल," म्हणत तिनं कढई ओट्यावर ठेवली आणि मग लेकीला नीट जवळ घेतलं. "राहिली ना तुझी ती ओळ? चला, सुटलो." ओळ म्हणजे काय ते तिला कळलं नव्हतं, पण राहिली पाहिजे एवढं सकाळपासून कळलेलं होतं.

"एकच सांग. आंबा घालायच्या आधी बाटली अगदी रिकामी होती?"

"रिकामीच." कुमुदनं हात पुसले. "म्हणजे तशी अगदी रिकामी नव्हती. एक होतं."

"एक?"

"एकच. केळ्याच्या कडेला बसलेलं. मला तर त्याचंच जास्त वाटलं. एवढी मोठी बाटली आणि आत एकटा जीव."

"मग ते काढलंस?"

"काढू कशाला? त्याच्याच सोबतीला तर बाकीची घातली."

रेवती खुर्चीत बसली. लॅपटॉप पुढे ओढला. त्या ट्यूबचं वाचन सात वर्षं साठ्यात उघडं पडलेलं होतं, जगात कुणीही वाचावं असं. नंतरच्या सगळ्या वर्षांच्या दिल्लीच्या चिलटांत ज्या खुणा हमखास सापडतात आणि देवगडच्या नव्या चिलटांत एकदाही नाहीत, तेवढ्याच तिनं वेगळ्या काढल्या आणि त्या उन्हाळ्याच्या ट्यूबेत शोधायला लावल्या. लॅपटॉप विचार करत बसला. आई मागे येऊन उभी राहिली, बाबा चष्मा शोधून आले. पडद्यावर एकेक ओळ उमटू लागली. कोकण, कोकण, कोकण. आणि मग एका जागी शेकड्यातला एखादा, इतका बारीक की इतर कुणी त्याला वाचनातली चूक म्हणून झटकून टाकलं असतं, दिल्लीचा अंश. पुढच्या जागी पुन्हा तेवढाच. त्याच्या पुढच्या जागी पुन्हा तेवढाच. चूक असती तर कुठं जास्त असती, कुठं कमी, कुठं नसतीच. हे त्या एकाचंच आहे असं शपथेवर सांगता आलं नसतं आणि रेवती ते तसं लिहिणारही होती. पण तिनं बोट पडद्यावर टेकवलं.

"हे?" कुमुद वाकली. "हे माझं?"

"हे."

बाबा म्हणाले, "कमाल आहे यार," आणि खाली बसले. रेवतीनं इनेशचा मेल उघडला. आर. के. पुरम, मे, असं लिहून पुढे आकडा घातला: एक. कुमुद तिच्या खांद्यावरून बघत होती. लेकीच्या इंग्रजीतलं तिला काय समजलं कोण जाणे, पण आकडा ओळखीचा होता.

"लिहिलंस ना?"

"लिहिलं."

"आणि हेही लिही," कुमुद म्हणाली, "एवढ्या उन्हात ते आपणहून आलं होतं."

रेवतीनं तेही लिहिलं.